पोच

नाना पेठेतल्या आमच्या चर्चची मी चिटणीस.
एकवीस वर्षं इतिवृत्त लिहिते, निळ्या शाईनं.
हात दुखतो, अक्षर मात्र अजून मास्तरणीचं.

त्या बैठकीत विषय पाच होते:
पत्र्याची गळती, पेटीचे दोन मुके सूर,
नाताळच्या करंज्यांचं तूप, दफनभूमीची भिंत,
आणि शेवटी 'ऐनवेळचे',
तेव्हा आम्ही टेबलाखाली
पायानं चपला शोधत असतो.

ऐनवेळी सलोमी उभी राहिली.
(ही तीच सलोमी, जिनं बायकांच्या बाजूला बसावं की पुरुषांच्या
यावर आमच्या दोन बैठका झाल्या.
तिसरीच्या आधीच ती पेटीमागे जाऊन बसली.
पेटीला कुठली बाजू नसते.)
म्हणाली, खराडीच्या एका सोसायटीत
चेंबरात उतरलेला भारत तुपसुंदर वर आला नाही.
ठेकेदार म्हणतो, तो माझा माणूसच नव्हता.
सोसायटी म्हणते, आम्ही ठेकेदाराला सांगितलेलं.
त्याची बायको गौतमी माझ्या गल्लीत राहते.

थोरात पंच चष्मा पुसत म्हणाले,
"तो आपल्यातला होता का?"

प्रश्न साधा होता. माझ्याकडे चार वह्या आहेत:
बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, दफन.
चारही चाळल्या, प्रामाणिकपणे.
तो कुठेच नव्हता.

मग कोपऱ्यातून मनोहर पाटोळे,
ज्यांचं एक वाक्यही मी आजवर इतिवृत्तात लिहिलं नव्हतं,
म्हणाले, "माझा बाप मैल्याची गाडी ओढायचा,
क्वार्टर गेटापासून थेट भैरोबा नाल्यापर्यंत.
इथल्या आणखी कुणाकुणाचा ओढायचा, सांगू?"
सांगा, असं कुणी म्हणालं नाही.
पत्र्यावर कबुतरं चालत होती, तेवढं ऐकू आलं.

मी लिहिलं: सूचक, पाटोळे.
अनुमोदकाची जागा बराच वेळ रिकामी राहिली.
शेवटी थोरातांनीच हात वर केला,
चष्मा दुसऱ्या हातात.

अर्ज सलोमीनं टाइप केला.
शिवाजीनगर कोर्टाबाहेर तिचं टेबल आहे, छत्रीखाली.
'विनंती' खोडून तिनं 'मागणी' केलं
आणि कागद माझ्यापुढे सरकवला, सहीला.

वाकडेवाडीच्या ऑफिसात अकरा खेपा झाल्या.
साहेब जेवायला. साहेब दौऱ्यावर.
साहेब आहेत, पण फाईल नाही.
कारकून म्हणाला, तुम्ही चर्चवाले, यात तुमचं काय?
गौतमीनंच उत्तर दिलं,
"मी बुद्धाची, तशीच राहणार.
ह्या बाया नुसत्या माझ्याबरोबर बाकावर बसतात."
बाक खरंच अरुंद होता.

लहानपणापासून मी रविवारी साक्ष देत आले:
आजारातून उठले, मुलगा पास झाला, देव चांगला आहे.
चौकीत त्याच शब्दाचं वजन वेगळं निघालं.
तारीख, वेळ, दोर होता का, मास्क होता का,
तुम्ही स्वतः पाहिलं का?
नव्हतं पाहिलं.
दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा झाकणाशेजारी
त्याच्या चपला होत्या, एकीच्या अंगठ्याला सुतळी.
तेवढं तरी लिहून घ्या, म्हटलं.

बाराव्या खेपेला शिक्का बसला.
जांभळा, जरा तिरका: आवक.
प्रार्थनेची पोच मिळत नाही,
त्याची मला सवय आहे, तक्रार नाही.
पण रिक्षात मी तो कागद
पुन्हा पुन्हा उघडून पाहिला.

भरपाई अजून मिळालेली नाही. ठेकेदार जामिनावर आहे.
पत्रा गळतोच.

गेल्या रविवारी गौतमी मागच्या बाकावर होती.
पेटी ऐकायला येते, म्हणते.
दानार्पणाची मखमली पिशवी तिच्यापुढूनही गेली.
मोजताना खजिनदारांच्या हाती आले
दोन हजार तीनशे चाळीस रुपये,
शर्टाचं एक बटण (ते दर रविवारी असतंच),
आणि चार घड्या घातलेली एक झेरॉक्स,
तिरक्या शिक्क्याची.

"बाई," ते म्हणाले, "ही जमा कुठल्या खात्यात दाखवू?"

ऑडिट मार्चमध्ये आहे.
मी अजून काही सांगितलेलं नाही.